बिनधुराड्याची चूल: महापालिका आयुक्तांना खुले पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
महाराष्ट्रातील सर्व महानगरपालिका

विषय: बाथरूममध्ये बसवलेले गॅस गिझर बाहेर काढण्याबाबत

महोदय / महोदया,



दिवाळी तोंडावर आली आहे. नरक चतुर्दशीच्या पहाटे आपल्या शहरांत दोन तासांत जेवढे कढत पाणी लागते, तेवढे वर्षात दुसऱ्या कुठल्या दिवशी लागत नसेल. तेल-उटणे लावून घरातली माणसे एकामागून एक आंघोळीला जातात. गारठा आत येऊ नये म्हणून खिडकीच्या काचपट्ट्या मिटलेल्या, दाराला आतून कडी आणि भिंतीवरचा गॅस गिझर तासभर जवळजवळ अखंड पेटलेला. त्या तासात काही कुटुंबांवर काय ओढवू शकते आणि ते टाळण्याची साधने तुमच्या हातात कशी आहेत, हे सांगण्यासाठी हे पत्र.

गॅस गिझरला आपण पाणी तापवायचे यंत्र समजतो. खरे म्हणजे ती चूल आहे, आणि भलती मोठी चूल आहे. स्वयंपाकाच्या शेगडीचा एक बर्नर साधारण दोन किलोवॉट उष्णता देतो. मिनिटाला सहा लिटर पाणी तापवणारा घरगुती गिझर दहा ते बारा किलोवॉट देतो. म्हणजे पाच-सहा बर्नर एकदम मोठ्या आचेवर लावून, दार लावून घेऊन, त्यांच्याशेजारी उघड्याने उभे राहायचे. स्वयंपाकघरात असे कुणी करणार नाही. बाथरूममध्ये लाखो माणसे रोज करतात, कारण ज्योत पत्र्याच्या डब्यात असते आणि डब्यावर कंपनीचे नाव असते.

या डब्याला धुराडे नसते. आपल्याकडे सर्रास विकले जाणारे लहान गिझर ज्या खोलीत टांगलेले असतात त्याच खोलीतली हवा घेतात आणि जळून उरलेले वायू त्याच खोलीत सोडतात. जुन्या घरांतला तांब्याचा बंब लाकडा-कोळशावर चालायचा, पण तो परसात नाहीतर उघड्या न्हाणीत असायचा आणि त्याच्या मधून धुराची नळी वर गेलेली असायची. धूर डोळ्यांत गेला की माणूस आपोआप बाजूला व्हायचा. गॅसच्या ज्योतीला धूर नाही, म्हणून नळीही नको, असे आपण परस्पर ठरवून टाकले.

आता थोडे गणित. एक किलो एलपीजी पुरता जळायला सुमारे 13 घनमीटर, म्हणजे साडेचारशे घनफुटांहून अधिक हवेतला सगळा ऑक्सिजन लागतो. वर सांगितलेला गिझर तासाला साधारण एक किलो गॅस जाळतो. चार बाय सहा फुटांचे, आठ फूट उंचीचे बाथरूम धरले तर त्यात 192 घनफूट हवा मावते. ते हवाबंद असेल तर त्यातला सगळा ऑक्सिजन संपवायला या गिझरला जेमतेम 25 मिनिटे पुरतील. पण धोका ऑक्सिजन संपल्यावर सुरू होत नाही. त्याचे प्रमाण 21 टक्क्यांवरून दोन-तीन टक्क्यांनी उतरले की ज्योत बिघडू लागते, गॅस अर्धवट जळतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. पूर्ण बंद खोलीत ती वेळ तीन-चार मिनिटांतच येते. पुष्कळ गिझरांत वीस मिनिटांनी ज्योत बंद करणारा टायमर असतो आणि दुकानदार तो सुरक्षेची हमी म्हणून दाखवतो. नळ बंद करून पुन्हा सोडला की त्याची वीस मिनिटे नव्याने सुरू होतात. शिवाय वरचे गणित पाहिले तर वीस मिनिटे हीच मुळात फार मोठी मुदत आहे.

"आम्ही दहा वर्षे वापरतोय, काही झालं नाही," हे वाक्य मी एका जुन्या गृहनिर्माण सोसायटीचा सचिव म्हणून बहुतेक मजल्यांवर ऐकले आहे. ते खोटे नाही. बाथरूम सहसा हवाबंद नसते. दाराखालच्या फटीतून, खिडकीच्या निसटलेल्या काचपट्टीतून, पंख्याच्या भोकातून हवा येत राहते आणि माणूस वाचतो. पण मग त्याचा जीव त्या फटीवर अवलंबून असतो. थंडी वाढली की दाराखाली पायपुसणे सरकवले जाते. डास येतात म्हणून खिडकीला पुठ्ठा लागतो. बर्नरवर काजळी धरते. पाहुणे आले म्हणून एकापाठोपाठ पाच आंघोळी होतात. यांतल्या दोन गोष्टी एका सकाळी जुळून आल्या तर दहा वर्षांचा अनुभव उपयोगाचा नाही.

कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, त्याने डोळे चुरचुरत नाहीत. सिलिंडर गळतो तेव्हा येणारा उग्र वास मुद्दाम मिसळलेल्या मरकॅप्टनचा असतो आणि गॅस जळाला की तोही जातो. त्यामुळे 'वास येत नाही, म्हणजे सगळे ठीक' हा घरोघरचा ठोकताळा इथे घात करतो. हवेच्या दहा हजार भागांत या वायूचे सोळा भाग झाले तर वीस मिनिटांत डोके गरगरते आणि तासा-दोन तासांत मृत्यू येऊ शकतो. प्रमाण एक टक्क्याच्या वर गेले तर काही मिनिटे पुरतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2010 मध्ये घरातल्या हवेसाठी मर्यादा घालून दिल्या. पंधरा मिनिटांसाठी घनमीटरला 100 मिलिग्रॅम आणि तासाभरासाठी 35 मिलिग्रॅम, याहून जास्त कार्बन मोनॉक्साइड माणसाच्या श्वासात जाऊ नये. बंद बाथरूममधली बिघडलेली ज्योत या मर्यादा केव्हाच ओलांडते.

शरीरात काय होते ते जाणून घेणे तुमच्या आरोग्य विभागासाठी विशेष गरजेचे आहे. रक्तातल्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनपेक्षा या वायूची ओढ दोनशे पटींहून अधिक असते. लोकलमध्ये दारातून आधी घुसलेल्याने खिडकीची जागा पकडावी आणि उठायचे नाव घेऊ नये, तसा तो बसून राहतो. कोविडच्या काळापासून घरोघरी असलेला पल्स ऑक्सिमीटर जागा भरली आहे एवढेच पाहतो, तिथे कोण बसले आहे हे त्याला ओळखता येत नाही. त्यामुळे बेशुद्ध माणसाच्या बोटाला लावलेले यंत्र 98 दाखवते आणि नातेवाईकच नव्हे, अननुभवी डॉक्टरही निर्धास्त होतो. खरे प्रमाण कळायला को-ऑक्सिमेट्रीची रक्तचाचणी लागते. साध्या हवेत रक्तातला निम्मा कार्बन मोनॉक्साइड निघून जायला चार-पाच तास लागतात. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण सव्वा तास. हा फरक एखाद्याच्या मेंदूचा निकाल ठरवतो. वाचलेल्यांपैकी काहींना पुढच्या काही आठवड्यांत विस्मरण, हालचालींतला मंदपणा, स्वभावातले बदल असे त्रास सुरू होतात.

मृत्यू ही या प्रकरणाची टोकाची बाजू झाली. तिच्या अलीकडे निदान न झालेल्या आजारांचा मोठा पट्टा आहे. आंघोळीहून आल्यावर डोके ठणकले तर आपल्याकडे ते पित्त असते. चक्कर आली तर उपास, अशक्तपणा, बीपी. एखाद्या तरुण मुलीला बाथरूममध्ये झटके आले तर फिटचा आजार ठरतो, वर्षानुवर्षे गोळ्या चालू राहतात आणि लग्नाच्या बोलणीत तो मुद्दा होतो. भारतीय मेंदूविकारतज्ज्ञांनी गेल्या दोन दशकांत असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदवले आहेत. त्यांना 'गॅस गिझर सिंड्रोम' असे नावही मिळाले आहे. झटके फक्त बाथरूममध्येच येत असतील तर आधी बाथरूमची भिंत पाहावी, इतका त्यांचा सांगावा साधा आहे. गरोदर बाईच्या बाबतीत धोका दुहेरी, कारण हा वायू गर्भाच्या रक्तातही उतरतो. शिवाय उघड्या ज्योतीतून नायट्रोजन डायऑक्साइडही निघतो. दम्याच्या मुलांना त्याचा त्रास होतो आणि तो रोज थोडा थोडा होत असल्याने कुणाच्या लक्षातही येत नाही.

बातम्या मात्र दर हिवाळ्यात येतात. 2023 च्या होळीच्या दिवशी रंग धुवायला बाथरूममध्ये गेलेली दोन जोडपी, एक मुंबईतले आणि एक उत्तर प्रदेशातले, मृतावस्थेत सापडली. दोन्ही ठिकाणी गॅस गिझरवर संशय घेतला गेला. जानेवारी 2020 मध्ये नेपाळमधल्या दामन इथे एका रिसॉर्टच्या बंद खोलीत गॅसचा हीटर लावून झोपलेले केरळचे आठ पर्यटक दगावले. त्यांत चार मुले होती. तिथे आंघोळीचा संबंध नव्हता, पण कारण तेच होते: धुराडे नसलेली ज्योत आणि मिटलेली दारे. अशा बातम्यांखाली 'नागरिकांनी काळजी घ्यावी' हे आवाहन ठरलेले असते. मला त्या आवाहनाबद्दलच तक्रार आहे. साबण डोळ्यांत गेलेल्या, दाराला कडी लावलेल्या, ज्याची जाणीवच होत नाही अशा वायूने गुंगी येऊ लागलेल्या माणसाने कोणत्या क्षणी कसली काळजी घ्यायची? काळजी घ्यायची वेळ गिझर भिंतीवर लागतो तेव्हाची असते. त्या वेळी तिथे प्लंबर, बिल्डर, घरमालक, दुकानदार सगळे असतात. फक्त नियम नसतो, किंवा असला तरी तो पाहणारा कुणी नसतो.

इतर देशांनी या प्रश्नाचे उत्तर जागेच्या आणि यंत्राच्या नियमांत शोधले. ब्रिटनच्या 1998 च्या गॅस सुरक्षा नियमांनुसार बाथरूममध्ये फक्त असेच गॅस उपकरण बसवता येते, जे हवा बाहेरून घेते आणि जळके वायू बंद नळीतून बाहेरच सोडते. ज्योतीचा खोलीतल्या हवेशी संबंधच येत नाही. तिथल्या घरमालकाला भाडेकरूच्या घरातली गॅस उपकरणे दर वर्षी अधिकृत तंत्रज्ञाकडून तपासून घ्यावी लागतात. चीनमध्ये आपल्यासारखेच बिनधुराड्याचे स्वस्त गिझर घरोघर पसरले होते. माणसे दगावू लागल्यावर 1999 मध्ये त्यांचे उत्पादन आणि 2000 मध्ये विक्री बंद करण्यात आली. श्रीमंत देशांचे लाड म्हणून ही गोष्ट सोडून देता येणार नाही. चीनने हा निर्णय घेतला तेव्हा तिथला मध्यमवर्ग आजच्या आपल्या मध्यमवर्गापेक्षा सधन नव्हता.

तुम्ही म्हणाल, उपकरणाचे मानक आणि विक्री हा केंद्राचा विषय आहे. मान्य. गिझर कसा बनावा हे दिल्ली ठरवील. पण तो घरात कुठे टांगावा हे शहरातच ठरते, आणि त्यासाठी लागणारी चारही दप्तरे तुमच्या एका टेबलाशी जोडलेली आहेत: बांधकाम परवानगी, अग्निशमन, आरोग्य आणि जन्म-मृत्यू नोंदणी. राज्यात 29 महापालिका आहेत. त्यांपैकी एकीने जरी ही चार दप्तरे एकत्र बसवली तरी बाकीच्यांना पुढे नक्कल करायला नमुना मिळेल. माझ्या मागण्या अशा:

पहिली, नव्या इमारतींबाबत. मुंबईत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली 2034 लागू आहे आणि राज्याच्या बहुतेक भागांत 2020 ची एकीकृत नियमावली. बाथरूमला हवेची खिडकी हवी हे दोन्हींत आहे. पण भोगवटा प्रमाणपत्र देताना त्या खोलीत काय जळणार आहे, हे प्रत्यक्ष जागेवर कुणी विचारत नाही. गिझरची जागा नकाशावर दाखवणे बंधनकारक करा. ती बाथरूमबाहेर, उघड्या हवेला लागून असावी आणि गरम पाण्याची नळी तिथून आत यावी. बिल्डरला हा खर्च काही मीटर नळीचा आहे.

इथे ड्राय बाल्कनीकडे मुद्दाम लक्ष वेधतो. नव्या फ्लॅटांत गिझर बहुतेकदा तिथेच लागतो आणि नकाशावर सगळे ठीक दिसते. ताबा मिळाला की वर्षभरात तिला सरकत्या काचा लागतात, वॉशिंग मशीन येते आणि उघडी बाल्कनी बंद खोली होते. बाथरूमची खिडकीही पुष्कळदा तिथेच उघडते. त्यात बाथरूमचा पंखा आतली हवा बाल्कनीऐवजी डक्टकडे फेकत असेल तर बाल्कनीतली जळकी हवा खिडकीतून थेट आंघोळ करणाऱ्याकडे ओढली जाते. गिझर बाहेर काढला आणि धोका आत आणला, असा हा प्रकार. बाल्कनी बंद करण्यावर तुमचे अभियंते आजवर चटईक्षेत्राच्या हिशेबाने बोट ठेवत आले. यापुढे हवेच्या हिशेबानेही ठेवावे.

दुसरी, जिथे परवान्याची दोरी तुमच्या हातात आहे तिथून सुरुवात करा. लॉज, हॉटेले, वसतिगृहे, विद्यार्थ्यांच्या पीजी खोल्या, मंगल कार्यालये. इथे राहणाऱ्याला गिझर निवडता येत नाही आणि खिडकीची सवयही नसते. 2006 च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियमाखाली दर जानेवारी आणि जुलैत अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचा फॉर्म बी द्यावा लागतो. त्याच वेळी बाथरूममध्ये बिनधुराड्याचा गॅस गिझर नाही, एवढी एक नोंद वाढवून घ्या.

तिसरी, जुनी घरे. इथे बंदीचा दंडुका चालवू नका. लोडशेडिंगच्या वर्षांत वीज कधी जाईल याचा नेम नव्हता, तेव्हा पुष्कळांनी गॅस गिझर घेतला. आजही तो स्वस्त आहे, पाणी तत्काळ देतो आणि विजेचे बिल फुगवत नाही. गच्चीवरच्या सोलरचे पाणी ढगाळ दिवशी किंवा खालच्या मजल्यांना पुरत नाही, तेव्हा तोच उपयोगी पडतो. भाडेकरूला तर भिंतीला भोक पाडायची परवानगी नसते. म्हणून गिझर जप्त न करता हलवण्याची सोय करा. पुणे महापालिका सौर ऊर्जा, गांडूळखत, पर्जन्यजल यांसाठी मिळकतकरात सवलत देते. गिझर बाहेर हलवणाऱ्या सोसायटीला एका वर्षापुरती तशी सवलत द्या. भाडेकरूच्या घरातला गिझर हलवण्याची जबाबदारी मालकावर टाका. आणि कुणीही न शिकता गिझर बसवतो ही स्थिती बदलण्यासाठी तुमच्या परवानाधारक प्लंबरांना एक दिवसाचे प्रशिक्षण द्या.

चौथी, मोजा. मृत्यूच्या कारणाच्या वैद्यकीय प्रमाणपत्रात 'गुदमरून' किंवा 'हृदयक्रिया बंद पडून' असे लिहिले की गिझर कागदावरून पुसला जातो. आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेला टी-58 हा स्वतंत्र संकेतांक आहे. तो वापरला जाईल हे तुमच्या आरोग्य अधिकाऱ्याने पाहावे. बाथरूममध्ये आकस्मिक मृत्यू झाला तर गिझर होता का, कुठे होता, खिडकी उघडी होती का, या तीन प्रश्नांची नोंद सक्तीची असावी. आकडा हाती आल्याशिवाय कुठलेही अंदाजपत्रक हलत नाही, हे तुमच्याहून अधिक कोण जाणते?

पाचवी, महापालिकेच्या निदान एका मोठ्या रुग्णालयात को-ऑक्सिमेट्रीची सोय चोवीस तास असू द्या. आणि आकस्मिक विभागातल्या प्रत्येक डॉक्टरला सांगा: बाथरूममधून बेशुद्ध आलेल्या रुग्णाला, बोटावरचा आकडा काहीही असो, आधी शुद्ध ऑक्सिजन.

हे सगळे दिवाळीच्या आत होणार नाही, याची मला कल्पना आहे. पण एक परिपत्रक होऊ शकते. क्षेत्रीय कार्यालयांमार्फत प्रत्येक सोसायटीच्या फलकावर लागेल असे, एका पानाचे, मोठ्या टायपात. त्यात एवढेच असावे. गिझर बाथरूममध्ये असेल तर आधी बादली भरा, गिझर बंद करा, दार-खिडकी उघडून हवा जाऊ द्या आणि मगच आंघोळीला आत जा. वाहत्या शॉवरखाली आंघोळ नको. दोन आंघोळींच्या मध्ये दहा मिनिटे दार उघडे ठेवा. आतून कडी लावू नका. हाकेला उत्तर आले नाही तर दार तोडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा, 108 ला फोन करा आणि डॉक्टरला पहिले वाक्य हे सांगा की घरात गॅस गिझर आहे. ही तात्पुरती मलमपट्टी आहे आणि ती मी वर नाकारलेल्या आवाहनाचीच बहीण आहे, हे मी जाणतो. फरक इतकाच की हिच्यात नेमके काय करायचे ते सांगितले आहे आणि हिच्यामागून नियम येणार आहे, असे मी धरून चालतो.

परिपत्रकाची प्रत आमच्या सोसायटीला मिळाली की ती प्रत्येक दारावर पोचवण्याचे काम माझे. नकाशा, परवाना आणि मृत्युनोंद यांबाबतचे आदेश मात्र तुम्हालाच काढावे लागतील. येत्या सर्वसाधारण सभेत त्यांचा विषय ठेवावा, ही विनंती.

आपला,
एक करदाता नागरिक आणि सोसायटी सचिव